देवकुंड की कातळधार? पावसाळ्यातला एकच रविवार हाताशी असेल तर

पुण्या-मुंबईकडच्या माणसाला भर पावसात जंगलात दडलेला धबधबा गाठायचा असला, की चर्चा फिरून फिरून या दोन नावांवर येते. भिऱ्याचं देवकुंड आणि लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याच्या वाटेवरची कातळधार. दोन्हींचे फोटो तुम्ही पाहिलेले असणार. बूट कोणते, बॅगेत काय भरायचं, हेही ठाऊक असणार, त्यामुळे ते सोडून देतो. मी दोन्हीकडे गेलो आहे, पावसात आणि पाऊस सरल्यावरही. दोन्ही जागांवर माझा जीव आहे. पण नोकरी-घर सांभाळून जुलै-ऑगस्टात एखादाच मोकळा रविवार मिळणाऱ्याला निवड करावीच लागते. मी ती कशी केली, ते सांगतो.

आधी देवकुंड. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळे आणि तिथून पाटणूस, भिरा. मुंबईकर पालीकडून येतात. गावाच्या डोक्यावर टाटांचं वीजकेंद्र आहे. ज्या मुळशी धरणासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला, त्याचं पाणी डोंगरातून खाली आणून १९२७ सालापासून इथे वीज तयार होते. तेच पाणी पुढे कुंडलिकेत सोडतात आणि कोलाडला राफ्टिंगवाले त्याच्यावर होड्या घालतात. देवकुंडाचं पाणी मात्र या यंत्रणेतलं नाही. ते सरळ कड्यावरून येतं आणि कुंडलिकेचा उगम म्हणून भिऱ्याची माणसं हीच जागा दाखवतात.

वाट सोपी आहे. एका बाजूची पाच-सहा किलोमीटरची चाल, त्यातला बराच भाग भिरा धरणाच्या फुगवट्याच्या काठाकाठानं, जवळजवळ सपाट. डावी-उजवीकडे भातखाचरं, समोर ताम्हिणीचा कडा आणि त्यावरून सुटलेल्या पांढऱ्या रेघा. मग जंगल सुरू होतं, मध्ये ओढे आडवे येतात आणि शेवटी दगडगोट्यांतून चढत गेलं की अचानक समोर तीन बाजूंनी कातळ उभा राहतो. मधोमध कुंड. दोनेकशे फुटांवरून पाणी थेट त्या कुंडात पडतं आणि तुषारांनी डोळे उघडे ठेवता येत नाहीत. पहिल्यांदा पाहणारा माणूस तिथे गप्प होतो. मीही झालो होतो. धबधबा म्हणून दोघांत कोण जास्त देखणं, असं नुसतं विचारलंत तर मी कदाचित देवकुंडच म्हणेन.

मला तिथे जी गोष्ट सलते ती धबधब्याची नाही, घड्याळाची आहे.

पावसाळ्यात वाट उघडी असते तेव्हा स्थानिक गाईड घेऊनच जावं लागतं आणि दुपारी ठरल्या वेळेच्या आत सगळ्यांना जंगलाबाहेर यावं लागतं. नियम अगदी योग्य आहे. ओढ्यांचं पाणी वर घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसावर चढतं-उतरतं आणि खाली कुंडापाशी उभं राहून वर काय चाललं आहे ते दिसत नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला होता. असा पाऊस वर कोसळत असेल तर मघाशी गुडघाभर असलेला ओढा परतताना ओलांडता येत नाही. तेव्हा गाईड घाई करतात ती आपल्याच जिवासाठी, त्यांना बोल लावायचं काही कारण नाही.

पण रविवारी होतं काय, ते पाहा. गावात गाड्या लावायला जागा मिळेपर्यंत वेळ जातो. मग गट जमेपर्यंत थांबायचं. जंगलातली वाट एकेरी, म्हणून पुढच्या पन्नास माणसांच्या चालीनं चालायचं. ओढ्यावर दोर धरून एकेक जण पलीकडे जातो, तिथे रांग. कुणाची चप्पल वाहून जाते, कुणी मध्येच घाबरून उभं राहतं. हे सगळं समजून घेण्यासारखं आहे. पण परतीची वेळ हलत नाही, त्यामुळे वाटेत गेलेला प्रत्येक मिनिट कापला जातो तो शेवटच्या टोकाचा, म्हणजे नेमका कुंडापाशी बसण्याचा. अडीच-तीन तास चालून पोहोचावं, पाठीवरची पिशवी उतरवून एक दगड शोधून बसावं, आणि गाईडची शिट्टी वाजावी. चला, निघा. कुंडात उतरायला मनाई असते, तेही बरोबरच. पण नुसतं बसायचं, बघायचं, ऐकायचं, एवढंसुद्धा पोटभर होत नाही. कमी गर्दी असेल म्हणून पुन्हा वेगळ्या रविवारी गेलो, लवकर निघालो, तरी शिट्टी तशीच वाजली. पहाटेपासूनच्या सगळ्या खटाटोपाला फळ म्हणून पंधरा-वीस मिनिटं मिळावीत हे माझ्या मनाला पटलं नाही. तुम्हाला कदाचित त्याचं काही वाटणारही नाही. फोटो झाला, डोळे भरून पाहिलं, आता गावात जाऊन गरम पिठलं-भाकरी खाऊ, अशा स्वभावाच्या माणसाला देवकुंडाचा दिवस उत्तमच जातो.

दुसरी अडचण तुम्हाला माहीत असेलच. दर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धोकादायक धबधब्यांवर जाण्यास मनाई करणारे आदेश काढतं. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, आता नव्या संहितेतलं कलम १६३. देवकुंडाचं नाव अशा यादीत वरचेवर असतं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भिऱ्यातल्या एखाद्या गाईडला फोन करून खात्री केल्याशिवाय गाडी काढू नका. बंदी असेल तर आडवाटेनं घुसवतो म्हणणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नका. तिथे माणसं बुडाली आहेत, म्हणून बंदी येते.

आता कातळधार. लोणावळ्यात उतरायचं. पुण्याहून लोकल, मुंबईहून सकाळची इंद्रायणी. रात्रभर गाडी चालवायची नाही, घाटातल्या कोंडीत अडकायचं नाही, हे सुख मोठं आहे आणि दमून परतताना त्याची किंमत जास्त कळते. तुंगार्लीवरून राजमाचीच्या कच्च्या रस्त्यानं फणसराईपर्यंत जीप मिळते किंवा पाय आहेतच. चिखल भरपूर. लोणावळ्याच्या वळवण तलावाचं पाणीही टाटाच खाली खोपोलीला नेऊन १९१५ पासून वीज करताहेत. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी कोकणात किती जोरानं उतरतं, ते या दोन्ही ट्रेकच्या सुरुवातीलाच समोर येतं.

फणसराईहून आधी माळ, मग झाडी आणि मग उतार. इथे देवकुंडाच्या अगदी उलट हिशोब आहे. देवकुंडाला चढ शेवटी थोडासा, कातळधारीला आधी खोल उल्हासच्या खोऱ्यात उतरायचं आणि परतताना तेवढंच सगळं चढायचं. जंगल दाट आहे, खाली उजेड कमी होतो, पायाखाली ओला पाचोळा आणि लाल माती. एक-दोन ठिकाणी उतार इतका सरळ होतो की दोराशिवाय पावसात तो उतरायचा विचारही करू नये. गुडघे कुरकुरणाऱ्यानं हे नीट ऐकावं. उतरताना जितका त्रास होतो, त्याहून जास्त वर येताना होतो, कारण तोवर बूट चिखलानं दुप्पट जड झालेले असतात.

खाली नदीचं पात्र लागतं. मोठाले दगड, त्यांवर शेवाळ, मधून पाणी. ही उल्हास नदी. हीच पुढे कर्जत, बदलापूर, कल्याणवरून वसईच्या खाडीला जाते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारेक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तो पूर हिचाच. उगमाजवळ ती लहान दिसते म्हणून तिला हलकं घेऊ नये. पात्रात पाणी गढूळ होऊन वाढायला लागलं, पालापाचोळा वाहत यायला लागला, की अलीकडच्या काठावरूनच परत फिरावं.

पात्रातून वर गेलं की कातळधार. उंची साडेतीनशे फुटांच्या आसपास सांगतात. मी मोजली नाही, पण मान पूर्ण मागे टाकावी लागते एवढं नक्की. देवकुंडासारखं रेखीव कुंड इथे नाही. इथली जादू धारेच्या मागे आहे. सह्याद्रीचा कातळ थरांचा, टणक थराखाली मऊ थर. मऊ थर झिजत आत जातो आणि वरचा टणक थर छपरासारखा पुढे राहतो. त्यातून धारेच्या मागे मोठी खोबण तयार झाली आहे. तिच्यात उभं राहिलं की आपल्यापुढे पाण्याचा पडदा आणि पडद्यापलीकडे हिरवं खोरं. वाऱ्याचा झोत आला की पडदा एका बाजूला सरकतो, क्षणभर सगळं लख्ख दिसतं, पुन्हा झाकलं जातं. आवाज इतका की शेजारच्याला खुणेनं बोलावं लागतं.

तिथे शिट्टी वाजत नाही. परत कधी निघायचं ते आकाश, पात्रातलं पाणी आणि सोबतच्या वाटाड्याचा सल्ला यांवर ठरतं. सकाळी लवकर उतरलो तर तासभर बसायला सहज मिळतं. माझं मन वळलं ते या तासाभरानं. चढ जास्त, चिखल जास्त, पायांचा भुगा होतो, पण ज्यासाठी गेलो त्याच्याजवळ बसायला मिळतं. आता रविवारी तिथेही मोठे व्यावसायिक ग्रुप येतात, दोराच्या पॅचवर खोळंबा होतो, हे सांगायला हवं. तरी तो खोळंबा टाळणं आपल्या हातात आहे. सकाळी लवकर फणसराई सोडली तर ग्रुप उतरायला लागतात तेव्हा आपण वर यायला निघालेलो असतो. देवकुंडाला असं पुढे निघून जाणं मला जमलं नाही.

पण हाच मोकळेपणा कुणासाठी धोक्याचाही आहे. कातळधारीला अडवणारं बहुधा कुणी नसतं, म्हणजे आपणच आपल्याला अडवायचं. ढोरवाटा सगळीकडे फुटतात, धुकं दाटलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही, आणि खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचावपथकाच्या पोरांना दर पावसाळ्यात वाट चुकलेल्यांना शोधायला रात्री-अपरात्री या डोंगरांत उतरावं लागतं. त्यांच्यावर ती वेळ आणू नका. फणसराईतला किंवा राजमाचीवरच्या उधेवाडीतला माणूस सोबत घ्या, पैसे गावात राहतात आणि तुम्हीही सुखरूप राहता. आधी चार-सहा सोपे ट्रेक झालेले नसतील, सोबत लहान मुलं किंवा पन्नाशीपुढचे दमणारे कुणी असतील, तर कातळधारीचा विचार सोडून द्या. त्यांना देवकुंडाला तरी न्या, किंवा नुसतं राजमाचीवर जा. तिथल्या श्रीवर्धन नावाच्या बालेकिल्ल्यावरून धुकं उघडलं तर कातळधार समोरच्या दरीत दिसते, आणि तेवढ्यानंही जीव निवतो.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते पारडं पुरतं झुकवते. कातळधार ही पावसाची आहे. पाऊस गेला की महिन्या-दीड महिन्यात ती बारीक होत जाते, हिवाळ्यात तिथे जाऊन कोरडा कातळ पाहण्यात अर्थ नाही. देवकुंडाचं तसं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे पाणी असतं, आणि पावसाळ्यातला गढूळपणा जाऊन कुंड निळंहिरवं होतं. ओढे गुडघ्याच्या खाली आलेले, बंदी उठलेली, भातं कापणीला आलेली, आणि मधल्या वारी गेलात तर बसायलाही मिळतं. मी देवकुंड खऱ्या अर्थानं पाहिलं ते दिवाळीच्या सुमाराला. भर पावसात पाहिलेलं ते घाईघाईत पाहिलेलं होतं.

म्हणून जुलै-ऑगस्टातला एकच रविवार असेल, पाय तयार असतील आणि धबधब्याजवळ बसायची हौस असेल, तर मी कातळधारीला जाईन. देवकुंड ऑक्टोबरसाठी राखून ठेवीन. घरच्यांना घेऊन, पहिल्यांदाच, फार न दमता काहीतरी भव्य पाहायचं असेल तर पावसातही देवकुंड चुकीचं नाही, फक्त शिट्टीची तयारी ठेवा.

खर्चात फार फरक पडत नाही. देवकुंडाला गाडीचं पेट्रोल आणि गाईड, कातळधारीला जीप आणि वाटाड्या. जेवण दोन्हीकडे गावात सांगून ठेवता येतं, पण सकाळी जातानाच सांगा, आयत्या वेळी भाकऱ्या मिळत नाहीत. कातळधारीसाठी शंभर फुटांचा चांगला दोर गटात एकाकडे तरी हवा, आणि तो झाडाला बांधता येणारा माणूसही. कोरडे कपडे फणसराईतच ठेवा, खाली नेलेत तर तेही भिजतात.