कॅन लावावा, घरी आरओ बसवावा की विहिरीचंच पाणी उकळून प्यावं?

मिरग जवळ आला की हा विषय प्रत्येक गावात निघतो, कोणी म्हणतं कॅनच बरा, कोणी म्हणतं आमच्या बापजाद्यांनी विहिरीचंच पाणी पेलं त्यांना काय झालं, आणि ज्याच्या घरी लहान पोरं आहेत तो बिचारा दोघांचंही ऐकून आणखी गोंधळतो. माझं म्हणणं असं की पैसे कशावर घालायचे ते ठरवण्याआधी आपल्या पाण्यात काय आहे ते बघा. काहून का पाण्याचा त्रास दोन तऱ्हेचा असतो, एक जंतूंचा आणि दुसरा विरघळलेल्या क्षारांचा, आणि एकावरचा इलाज दुसऱ्यावर बहुतेक चालतच नाही.

उघड्या विहिरीला धोका जास्त जंतूंचा. पहिल्या पावसात शेणखड्याचं, संडासाचं, रस्त्यावरचं सगळं वाहून आत जातं. जुलै 2022 मध्ये मेळघाटात पाचडोंगरी आणि कोयलारीला विहिरीच्या दूषित पाण्यानं हगवण पसरली, माणसं गेली. अशा पाण्याला उकळण्यासारखं खात्रीचं दुसरं काही नाही, आणि त्याला वीस मिनिटं गॅस जाळायचीही गरज नाही, पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट ठेवायचं, बस. तेवढ्यात जुलाब लावणारे जंतू मरतात. पण रोज पाच-सहा माणसांचं पाणी गंजात उकळायचं, थंड व्हायची वाट पाहायची, हे काम घरातल्या बाईच्याच अंगावर पडतं आणि कापूस-सोयाबीनच्या दिवसात ते सुटतंच, म्हणून मला क्लोरीनचं औषध जास्त जमण्यासारखं वाटतं. आशाताईंकडं किंवा उपकेंद्रात बाटली मिळते, बाटलीवर लिहिलेत तेवढेच थेंब टाकायचे, अर्धा तास झाकून ठेवायचं. थोडा वास येतो खरा, पण तो वास आहे तोवर औषध पाण्यात शिल्लक आहे आणि नंतर कोणाचा हात बुडाला तरी थोडंफार रक्षण होतं. उकळलेल्या पाण्याला हे संरक्षण नसतं.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीतच खर्च होतं, तेव्हा आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी कपड्यातून गाळा आणि मग औषध टाका. नुसती तुरटी फिरवली की पाणी शुद्ध झालं असं घरोघरी मानतात, ते अर्धवट खरं आहे, पाणी निवळतं, काही जंतू गाळासोबत खाली बसतात, बाकीचे राहतात. तांब्याच्या भांड्याचंही तसंच, रात्रभर ठेवलं तर जंतू कमी होतात हे प्रयोगात दिसलेलं आहे, पण साथीच्या दिवसात मी तेवढ्यावर पोरांना पाणी देणार नाही.

आता क्षारांचं. अकोला, अमरावती, बुलडाण्याचा पूर्णेकाठचा खारपाण पट्टा आपल्याला माहीतच आहे, तिथलं बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत फ्लोराइड आहे, आणि ते जास्त फसवं, काहून का त्याला ना चव ना वास, पाणी गोडच लागतं. लिटरमागं 1 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर वर्षानुवर्षं पेलं की आधी पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात, पुढं मोठ्या माणसांचे सांधे आखडतात, आणि हे भरून येत नाही. इथं उकळणं उलटं पडतं, पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार तेवढेच राहतात. नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढायची पद्धत बसवली, पण तिला मापं लागतात, घरी अंदाजे करू नका.

म्हणजे खारं किंवा फ्लोराइडचं पाणी असेल तर आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारी मशीन, पाहिजेच. मग घरचा की प्लांटवरून कॅनमध्ये येणारा? कॅनला सुरुवातीचा खर्च नाही, 20 रुपयाला एक धरला तरी रोज एक म्हणून महिन्याचे 600. माझी भीती वेगळीच आहे. आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, आणि तोच कॅन या घरून त्या घरी, लग्नाच्या मांडवातून परत प्लांटवर फिरत असतो, आतून कधी नीट घासला कोण जाणे. पाणी थंडगार आहे म्हणून स्वच्छ आहे असं समजू नका. कॅनवाल्याला धुताना दाखव म्हणा, आतून हिरवट दिसला तर घेऊ नका. टीडीएस मीटरवर आकडा कमी दाखवतात ना, तो फक्त क्षारांचा अंदाज असतो, जंतू त्यात दिसत नाहीत आणि फ्लोराइड किती हेही त्यातून कळत नाही.

घरची मशीन घ्यायची तर लाइट किती वेळ असते, फिल्टर बदलायला माणूस गावात येतो का, हे आधी विचारा. लिटरभर चांगल्या पाण्यामागं दोन-तीन लिटर बाहेर जातं, ते भांडी-संडासाला वापरा, पण फ्लोराइडच्या गावात ते ढोरांना पाजू नका, त्यांनाही तोच रोग होतो. तुमचा टीडीएस 500 च्या आत असेल आणि फ्लोराइड आणि नायट्रेट (खतातून, सांडपाण्यातून पाण्यात उतरणारा क्षार) ठीक असेल तर मशीनवर पैसे घालायची गरजच नाही.

जड पाण्यानं मुतखडा होतो म्हणून आरओ घेणारेही पुष्कळ आहेत. आपल्याकडं मुतखड्याचं मोठं कारण म्हणजे 45 डिग्रीच्या उन्हात वावरात राबायचं आणि पाणी कमी प्यायचं, ते आरओनं सुटत नाही.

तपासणीला फार धावपळ नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायांना पाणी तपासायचं ट्रेनिंग देऊन किट दिलेत, ग्रामपंचायतीत विचारा. फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन त्यात कळतं, जंतूंसाठी वेगळी छोटी बाटली असते, पाणी काळं पडलं तर ते पिऊ नये. घरात वरच्या दुधाचं तान्हं असेल तर नायट्रेट आधी बघा, लिटरमागं 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाळाचं दूध त्या पाण्यात करू नका, उकळूनही नाही.