श्वेतकुटज तेल : खपल्या उतरतात, पण दमानं

नागपुरात सीताबर्डीत किंवा महालात आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात सोरायसिससाठी तेल मागा, काउंटरवर चार-पाच बाटल्या येतील. लेबलं वेगळी, दावे वेगळे, पण त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत मुख्य घटक एकच: श्वेतकुटजाची, म्हणजे आपल्या काळ्या कुड्याची पानं आणि खोबरेल तेल. कृती मुळात सिद्ध वैद्यकाची, म्हणजे तमिळनाडूकडची. तिकडे याच तेलाला ‘७७७ तेल’ असंही म्हणतात. ताजी पानं खोबरेलात बुडवून काही दिवस उन्हात ठेवली की तेलाला जांभळट रंग चढतो.

बाटली घेताना आधी हा रंगच बघा. उजेडासमोर धरल्यावर तेल जांभळट-लालसर दिसायला हवं. नुसतं हिरवट असेल तर पानं बहुधा थेट आचेवर उकळलेली असतात. मग लेबल वाचा. घटकांत श्वेतकुटज किती आणि कुठल्या तेलात, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, तारीख. यातलं काही नसेल तर बाटली परत ठेवा. ‘आठ दिवसांत साफ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या मलमापासून तर दूरच राहा. सोरायसिस इतक्या झटपट जातो तेव्हा आत स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्यावीच, आणि असं मलम थांबवलं की चट्टे दुपटीनं उसळतात.

तेल काम कसं करतं? निरोगी त्वचेतली पेशी तळापासून पृष्ठभागावर यायला साधारण २८ दिवस घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास ३ ते ५ दिवसांत उरकतो, म्हणून खपल्यांचे थर साचतात. खोबरेल त्या थरांना मऊ करतं. पानांत इंडिरुबिनसारखी, निळीच्या कुळातली द्रव्यं असतात. चिनी वैद्यकात सोरायसिसवर जी निळीची भुकटी वापरतात, तिच्यातही इंडिरुबिन आहे. म्हणजे दाव्याला आधार आहे, चमत्कार नाही. आधी खाज कमी होते, मग खपली पातळ होते, लाली सगळ्यात शेवटी जाते. निकाल सहा ते आठ आठवड्यांनी लावा. दर आठवड्याला त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी चट्ट्याचा फोटो काढला तर अंदाज चुकत नाही. लाली गेल्यावर तिथे फिकट डाग राहतो. तो कोड नव्हे, सावकाश भरून येतो.

पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून दोन दिवस थांबा. पुरळ उठलं नाही तर पुढे जा. कोमट पाण्यानं दहाएक मिनिटांत आंघोळ उरका, अंग टॉवेलनं टिपा, घासू नका, आणि त्वचा किंचित ओली असतानाच तेल लावा. तळहाताएवढ्या चट्ट्याला अर्धा मिली, म्हणजे साधारण दहा थेंब, भरपूर झाले. सकाळ-संध्याकाळ दोनदा. जास्त ओतलं म्हणून लवकर उतरत नाही, फक्त चादरी जांभळ्या होतात. डाग निघत नाहीत, त्यामुळे जुना सुती सदरा वेगळा काढून ठेवा. डोक्यातल्या चट्ट्यांसाठी केसांत भांग पाडत थेट टाळूवर थेंब सोडा, दोन तास किंवा रात्रभर ठेवा, मग सौम्य शाम्पूनं धुवा. फणीनं खपल्या खरवडायच्या नाहीत. सोरायसिसमध्ये जिथे त्वचेला इजा होते तिथेच नवा चट्टा उगवतो, म्हणून घासणी, दगड आणि मिठाचे स्क्रब सगळे बाद.

तेल लावून कोवळ्या उन्हात बसायला सांगतात, आणि इथेच नागपूरकरांनी डोकं लावायला हवं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठ-साडेआठचं ऊन दहा-पंधरा मिनिटं घ्यायला हरकत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र पारा ४५ अंशांकडे जातो. तेव्हा सातच्या आत बसा, नाहीतर बसूच नका. भाजलेल्या कातडीवरही नवे चट्टे उठतात. थंडीत अडचण उलटी. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि इथे रात्रीचा पारा दहाच्याही खाली जातो. बाटली गरम पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं उभी करा. गॅसवर नको. त्याच दिवसांत हवा इतकी कोरडी असते की तेलाच्या दोन वेळांमध्ये साधं व्हॅसलिनही लावावं. ते लावल्यानं आयुर्वेद बाटत नाही.

घरी करायचं म्हटलं तर पानं हाताने तोडून दोन-तीन तास सावलीत सुकवा, मग कोरड्या काचेच्या बरणीत तेलात पूर्ण बुडतील अशी ठेवा, तोंडाला फडकं बांधून पाचेक दिवस ऊन द्या, गाळा. पाण्याचा अंश राहिला की बुरशी येते. खरी जोखीम झाड ओळखण्यात आहे. नावात ‘श्वेत’ असलं तरी हवा तो काळा कुडा. त्याच्या शेंगा जोडीनं लोंबतात आणि टोकाशी जुळलेल्या असतात. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा सुट्या. चीक दोघांनाही येतो, आणि विषारी कण्हेरही याच कुळातली. खात्री नसेल तर बाटलीच घ्या.

तेलाची हद्दही ठाऊक हवी. कोपर, गुडघे, कंबर, टाळू इथले बेताचे चट्टे ही त्याची जागा. नखांवर फारसा उपयोग नाही. काखेत आणि जांघेत अगदी पातळ हात, नाहीतर केसांच्या मुळाशी फोड येतात. बोटांसकट तुमचा तळहात म्हणजे अंगाचा अंदाजे १ टक्का. चट्टे असे दहा तळहात भरत असतील, सकाळी उठताना बोटं किंवा टाच आखडत असेल, पूवाले फोड किंवा तापासह सगळं अंग लाल झालं असेल, तर तेल बाजूला ठेवून थेट मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचारोग विभागात जा. सांधे एकदा वाकडे झाले की मागे येत नाहीत. डॉक्टरांनी सोरायसिससाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट किंवा स्टिरॉइड परस्पर बंद करू नका. रक्तदाबाची, विशेषतः बीटा-ब्लॉकर, गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. तिच्यानंही सोरायसिस भडकतो.

वैद्य सोरायसिसला बहुतेकदा एककुष्ठ किंवा किटिभ (आयुर्वेदातले त्वचारोगाचे प्रकार) धरून चालतात आणि नुसत्या तेलावर थांबत नाहीत. सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी विचारलंत तर शोधनाचा, म्हणजे शरीरशुद्धीचा विषय निघेल: ३ ते ७ दिवस पंचतिक्त घृताचं (औषधी तुपाचं) वाढतं स्नेहपान, तीन दिवस अभ्यंग-स्वेदन (तेल चोळणं आणि शेक), मग विरेचन, म्हणजे औषधानं जुलाब, आणि त्यानंतर पेजेपासून पायरीपायरीनं नेहमीच्या जेवणाकडे. बहुतेकांचं बिघडतं ते या शेवटच्या टप्प्यात. विरेचनानंतर दुसऱ्याच दिवशी सावजीची तर्री पोटात गेली तर आधीचा आठवडा वाया. मेच्या उन्हात विरेचन करू नये, अंगातलं पाणी जातं. त्याचा काळ शरद. पोटात घ्यायची रसौषधं, म्हणजे धातू-खनिजांची औषधं, मात्र दुकानदाराच्या सल्ल्यानं नकोत. आरोग्यवर्धिनीत पारा आणि तांबं असतं, रसमाणिक्यात हरताळ, म्हणजे आर्सेनिकचं खनिज. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याच्या यकृताला तर आधीच पुरेसं काम असतं.

बाटली किती पुरते, त्याचा हिशेब असा: दोन्ही कोपर, दोन्ही गुडघे मिळून दोन तळहात धरले तर दिवसाला २ मिली, म्हणजे १०० मिलीची बाटली ५० दिवस. सुरुवातीला मोठी बाटली आणि ‘कॉम्बो पॅक’मधला साबण दोन्ही टाळा, तो साबण त्वचा कोरडीच करतो. बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि खवट वास आला की उरलेलं तेल फेकून द्या.