छोट्या बोटीचा इन्शुरन्स सर्व्हे: खर्च नेमका कुठे होतो

आमची 24 फुटी फायबरची बोट आहे, मागे बाहेरून लटकवलेलं 40 एचपीचं आउटबोर्ड इंजिन, मालवणात पर्यटक फिरवायला. यंदा इन्शुरन्सवाले म्हणाले बोट जुनी झालीय, आधी कंडिशन आणि व्हॅल्युएशनचा, म्हणजे बोटीची अवस्था आणि किंमत तपासल्याचा, सर्व्हे रिपोर्ट द्या मगच पॉलिसी. तो करून घेतला आणि काम खरंच चांगलं झालं म्हणून लिहितोय, कारण किनाऱ्यावर याबद्दल सगळं ऐकीवच चालतं, कोण म्हणतो दोन हजारात होतं, कोण म्हणतो वीस हजारांची चाट बसते.

आधी पैशाचं सांगतो. फी 7000, त्यावर 18 टक्के जीएसटी 1260, म्हणजे 8260. सर्व्हेअर रत्नागिरीहून आले, गाडीखर्च 3000, पण शेजारच्या दोन बोटीही त्याच दिवशी लावल्या त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला हजारच आले. 9260 मध्ये काम आटपलं. फोनवर विचारलं तेव्हा मात्र फक्त 7000 सांगितले होते, जीएसटी आणि गाडीखर्च धरून किती होतात ते तुम्ही खोदून विचारा आणि व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, ही एकच गोष्ट मला खटकली.

पण खरा खर्च फीचा नसतोच, बोट वर काढायचा असतो. पाण्यात तरंगणाऱ्या बोटीचा तळ कोण कसा बघणार? ऐन सीझनमध्ये सर्व्हे लावला तर भरती बघून माणसं गोळा करा, ट्रॅक्टर बोलवा, ओढा, परत पाण्यात घाला, आणि ते दोन दिवस धंदा बंद. आमच्या ओळखीतल्या एकाने नोव्हेंबरात केलं, त्याची ओढणावळच फीच्या निम्म्यावर गेली आणि दिवाळीच्या सुट्टीतली गिऱ्हाईकं गेली ती वेगळीच. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत आपली प्रवासी वाहतूक बंदच असते, बोटी शाकारून किनाऱ्यावर पडलेल्या असतात, तेव्हाच सर्व्हे उरका. आणि रंग लावायच्या आधी करा हं, नवा रंग मारलेला असला की भेगा आणि फोड दिसत नाहीत, मग चांगला सर्व्हेअर तो रंग खरवडायला लावतो, म्हणजे रंगाचेही पैसे गेले.

आता काम कसं केलं ते. मला वाटलेलं फोटो काढतील, चहा घेतील आणि जातील. गृहस्थ सव्वादोन तास बोटीखालीच होते. प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत वीतभर अंतरावर ठोकत आले, सगळीकडे टणटण आवाज, आणि मागच्या फळीला, जिथे इंजिन लटकवतो तिथे, उजव्या बाजूला एकदम भदभद. मीटर लावला, ओल दाखवली. मग आमच्या खलाशाला एक बोल्ट काढायला सांगितला तर भोकातून काळपट पाणी ओघळलं, आतलं प्लायवूड कुजायला लागलेलं. वरून फायबर अगदी चकचकीत होतं, आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. भर समुद्रात इंजिन फळीसकट निखळलं असतं तर काय, आणि बोटीत लोकांची पोरंबाळं असतात. त्या एका बोल्टसाठी माझे 9260 वसूल झाले असं मी मनापासून सांगतो. शिवाय लाईफ जॅकेटच्या शिवणी हाताने ओढून बघितल्या, फायर एक्स्टिंग्विशरची तारीख, तळात साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप, बॅटरीची वायर, पेट्रोलचा पाईप, आणि इंजिन नंबर रजिस्ट्रेशनच्या कागदाशी ताडून पाहिला. फळी गावातल्या फायबरवाल्याकडून बदलून घेतली, कामाचे फोटो आणि बिल पाठवलं ते त्यांनी मान्य केलं, परत यायचा खर्च लावला नाही.

रिपोर्ट आठवड्यात आला. त्यातल्या दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक म्हणजे किंमत. मरीन इन्शुरन्स अॅक्ट 1963 प्रमाणे पॉलिसीत बोटीची ठरलेली किंमत लिहिली असेल तर फसवणूक नसताना ती किंमत अंतिम धरतात, म्हणजे बोट पूर्ण गेली तर नंतर कंपनीला घासाघीस करता येत नाही. म्हणून सर्व्हेअरला इंजिन आणि हल, म्हणजे बोटीचं नुसतं अंग, वेगवेगळं व्हॅल्यू करायला सांगा आणि तोच आकडा पॉलिसीत उतरलाय का बघा, पॉलिसी ठरलेल्या किमतीची आहे का तेही विचारा. दुसरी गोष्ट म्हणजे शिफारसी. त्याच कायद्यात असंही आहे की बोट समुद्रात जायच्या लायकीची नाही हे मालकाला माहीत असून त्याने ती बाहेर काढली आणि त्यामुळेच नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही. एकदा रिपोर्टात दोष लिहून आला की मला माहीत नव्हतं म्हणायची सोयच उरत नाही, तेव्हा दुरुस्ती करा आणि बिलं जपून ठेवा.

क्लेमच्या वेळचा सर्व्हेअर वेगळा, तो कंपनी पाठवते आणि फी कंपनीच देते, तिथे कुणी तुमच्याकडे पैसे मागितले तर देऊ नका. पॉलिसीआधीचा खर्च मात्र आपलाच. 2021 च्या तौक्ते वादळात आपल्या किनाऱ्यावर किती बोटी फुटल्या ते सगळ्यांनी पाहिलंय, इन्शुरन्सचा कागद नसलेल्या माणसाला तेव्हा सरकारी मदतीची वाट बघण्याशिवाय काही उरलं नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा गुण कापला तो जीएसटी आधी न सांगितल्याबद्दल. आणि सर्व्हेअर ठरवायच्या आधी इन्शुरन्सच्या ऑफिसला फोन करून त्या सर्व्हेअरचा रिपोर्ट चालतो का ते विचारा, नाहीतर पैसे दोनदा भरावे लागतील.