नागपुरातील रोइंग प्रशिक्षणवर्ग: एकाच घरातील तिघांचा काही महिन्यांचा अनुभव

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना पोहायला, बॅडमिंटनला किंवा स्केटिंगला घालण्याची पद्धत नागपुरात जुनी आहे. रोइंग, म्हणजे वल्ह्यांनी होडी चालवण्याचा खेळ, मात्र येथील बहुतेक पालकांना अजून अपरिचित आहे. आमच्या घरातून पाचवीतला मुलगा, नववीतली मुलगी आणि मी अशा तिघांनी गेल्या एप्रिलमध्ये शहरातील एका रोइंग वर्गाच्या उन्हाळी शिबिरात नावे नोंदवली. शिबिर संपल्यावर मुलाने वर्ग सोडला, मुलीने आणि मी तो चालू ठेवला. असा वर्ग घ्यावा की नाही, हे त्याच्या जाहिरातीतील छायाचित्रांवरून ठरवू नये. तेथे संथ वल्हवण्याला किती वेळ दिला जातो, हे पाहून ठरवावे, असे माझे मत या काळात पक्के झाले आहे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या शहरात हा वर्ग सकाळी लवकर आणि सभागृहात भरतो, हे योग्यच आहे. सुरुवातीचे सगळे शिक्षण अर्गोमीटरवर, म्हणजे रोइंग मशीनवर होते आणि पावसाळा संपल्यावर तयारी झालेल्यांना सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरील जलाशयावर नेले जाते. मशीनच्या चाकाला पाती असतात आणि आपण जितक्या जोराने ओढू तितका हवेचा विरोध वाढतो. बाजूला १ ते १० आकडे असलेली डॅम्परची कळ असते. ती १० वर नेली की व्यायाम अधिक चांगला होतो, असा समज जिममध्ये सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्या कळीने चाकात किती हवा शिरावी एवढेच ठरते. आकडा वाढवला की होडी जड झाल्यासारखी वाटते आणि नवशिक्याची कंबर आधी थकते. आमच्या प्रशिक्षकांनी पहिल्या दिवसापासून ती ३ ते ५ च्या दरम्यानच ठेवायला लावली, आणि त्यांच्याविषयी माझा विश्वास तेथेच बसला.

रोइंग हा हातांचा व्यायाम आहे, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते आणि म्हणून बहुतेक जण प्रारंभी विहिरीतून पोहरा ओढावा तसे दांडा नुसत्या हातांनी ओढतात. खरा जोर पायांचा असतो. पुढे सरकून गुडघे दुमडलेल्या स्थितीत पाय रेटायचे, ते जवळजवळ सरळ झाले की कमरेतून पाठ मागे न्यायची आणि अगदी शेवटी हात छातीखाली आणायचे. परतताना याच्या नेमका उलट क्रम, म्हणजे आधी हात, मग पाठ, मग गुडघे. “ताई, आधी पाय, मग पाठ, मग हात,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते प्रत्येक स्ट्रोकबरोबर, म्हणजे ओढणे आणि परतणे मिळून होणाऱ्या एका फेरीबरोबर, मनातल्या मनात चालते. मिनिटाला १८ ते २० स्ट्रोकच्या संथ गतीत परतीचा वेळ ओढण्याच्या वेळेच्या साधारण दुप्पट असावा लागतो. हा धीर अंगात मुरायला आठवडे लागतात. कंबरदुखी ही रोइंगमधील नेहमीची तक्रार आहे, आणि क्रम चुकवून वेग वाढवणे हे तिला दिलेले निमंत्रणच असते. त्यामुळे ज्या वर्गात पहिल्याच आठवड्यात ५०० मीटरची शर्यत लावली जाते, तेथे मुलांना पाठवण्याआधी पालकांनी शंभर वेळा विचार करावा.

मुलाचा अनुभव आम्हां तिघांत सर्वांत फिका ठरला. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या मापाच्या मशीनवर नीट बसता येत नाही, पाय पट्ट्यांत सैल राहतात आणि पडद्यावरील आकड्यांकडे पाहत बसण्यात त्याला रस नसतो. या वयाला खेळ, पोहणे, तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि थोडेसे वल्हवणे असा वेगळा कार्यक्रम हवा. आयोजकांनी मोठ्यांचाच पाठ लहान करून दिला होता, आणि ही उणीव मी त्यांना लेखी कळवली आहे.

मुलीच्या वयोगटासाठी मात्र हा वर्ग मला मनापासून आवडला. तिला दोन वल्ह्यांचे स्कलिंग आधी शिकवले. एकच वल्हे दोन्ही हातांनी धरण्याचा स्वीप प्रकार पुढे ढकलला. वाढत्या वयात शरीराच्या दोन्ही बाजूंवर सारखा भार यावा, हे त्यामागचे कारण प्रशिक्षकांनी पालकांना समजावून सांगितले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यानंतर रोइंगकडे वळले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये १३ वे आले आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये सुवर्ण जिंकलेल्या संघात होते, हे तिला येथेच कळले. त्यानंतर ती आकड्यांची एक वही ठेवू लागली. त्या वहीत वेग, श्वास आणि झोप यांच्या नोंदी असतात, आणि त्या तिच्या तिनेच सुरू केल्या, याचे मला फार समाधान आहे.

जलाशयावरचा भाग वेगळा सांगायला हवा. एकेरी होडी सुमारे आठ मीटर लांब आणि इतकी अरुंद असते की वल्ही पाण्यावर टेकलेली नसतील तर ती स्थिर राहत नाही. शिवाय आपण प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसतो. म्हणून नवशिक्यांना आधी रुंद होडीत, लाइफ जॅकेटसह आणि सोबत मोटारबोट ठेवून उतरवले गेले. होडी उलटली तर ती सोडून काठाकडे पोहायचे नाही, तिला धरून राहायचे, हे प्रत्येकाकडून उथळ पाण्यात करवून घेतले. सुरक्षेच्या बाबतीत मला कोठेही ढिलाई दिसली नाही. प्रवेशापूर्वी पोहण्याची चाचणी मात्र घेतली नव्हती, ती पाण्यावर जाण्याच्या आदल्या आठवड्यात घेतली. ती न जमल्याने काही मुलांना शुल्क भरूनही काठावर थांबावे लागले, आणि ते मला पटले नाही.

प्रौढांच्या तुकडीत पन्नाशी ओलांडलेलेही आहेत. मास्टर्स गटातील स्पर्धा २७ व्या वर्षापासून पुढे वयोगटांनुसार आणि नेहमीच्या २००० ऐवजी १००० मीटर अंतरावर होतात, हे कळल्यावर आमच्यातील काही जणी अधिक नेटाने येऊ लागल्या. गुडघ्यांवर धावण्यासारखे आघात होत नाहीत, ही माझ्यासाठी मोठी सोय ठरली. जिना चढताना लागणारा दम कमी झाला आणि बसून काम केल्यावर आखडणारी पाठ मोकळी राहू लागली.

मुलगी परीक्षेसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये थांबेल आणि एप्रिलमध्ये परतेल; माझी सकाळची तुकडी चालूच राहील. मुलाला सध्या पोहण्याच्या वर्गात घातले आहे, आणि लहानांसाठी वेगळा कार्यक्रम आखला गेला तरच त्याचे नाव येथे पुन्हा नोंदवू.