खिशातला प्रोब, घडीचं मशीन की गावातला रेडिओलॉजिस्ट?

गेल्या महिन्यात माझ्याकडे रेसिडेन्सी करून गेलेल्या एका फिजिशियनचा फोन आला. तालुक्याच्या गावी त्याचं बारा खाटांचं रुग्णालय आहे, त्यातल्या चार खाटा आयसीयूच्या. "सर, सोनोग्राफीच्या यंत्राची दोन कोटेशन आलीत. एक मोबाईलला जोडून अंगावर टेकवायचा प्रोब, दुसरं लॅपटॉपसारखं मशीन, तीन प्रोबसकट. किमतीत चौपट फरक आहे. काय घेऊ?"

मी विचारलं, "रात्री दोन वाजता तुला ते नेमकं कशासाठी लागणार?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "धाप लागलेला पेशंट, सर. हार्ट फेल्युअर आहे, सीओपीडीसारखा श्वासनळ्यांचा जुना आजार आहे की न्यूमोनिया, हे एक्स-रेवाला यायच्या आत कळायला हवं."

हे उत्तर हाताशी असलं की अर्धी तुलना झालेली असते. खाटेशेजारची सोनोग्राफी, म्हणजे ज्याला आपण सगळे 'पोकस' म्हणतो, ती रेडिओलॉजिस्टच्या सोनोग्राफीची छोटी आवृत्ती नव्हे. रेडिओलॉजिस्ट पोटातला एकेक अवयव पाहून रिपोर्ट लिहितो. आपण एकच प्रश्न विचारतो आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर घेतो. पोटात रक्त आहे का? हृदयाभोवती पाणी साचलंय का? फुप्फुस हलतंय का? त्यामुळे यंत्राची तुलनासुद्धा प्रश्न समोर ठेवूनच करायला हवी. ब्रोशरमधल्या चित्रांवरून केली तर महागडं यंत्र दर वेळी जिंकतं.

धाप लागलेला पेशंट: इथे स्वस्त प्रोब हरत नाही

फुप्फुसात हवा असते आणि ध्वनिलहरी हवेतून पलीकडे जात नाहीत, म्हणून कित्येक वर्षं फुप्फुसाची सोनोग्राफी करायची नसते असंच शिकवलं जायचं. फ्रान्समधले इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूतले तज्ज्ञ, डॅनियल लिख्टेनस्टाइन यांनी उलट वाट धरली. पडद्यावर जे फुप्फुस दिसत नाही, त्याच्या जागी उमटणाऱ्या खोट्या रेषा त्यांनी वाचल्या. आडव्या समांतर रेषा म्हणजे ए-लाइन्स, तिथे हवा आहे. प्ल्युरापासून, म्हणजे फुप्फुसावरच्या आवरणापासून, पडद्याच्या तळापर्यंत झाडूसारख्या उतरणाऱ्या रेषा म्हणजे बी-लाइन्स. दोन्ही बाजूंना अशा भरपूर बी-लाइन्स असतील तर फुप्फुसात पाणी उतरलंय असं समजायचं आणि लासिक्सकडे, म्हणजे पाणी उतरवणाऱ्या औषधाकडे, हात न्यायचा. दोन्हीकडे ए-लाइन्स असतील, फुप्फुस सरकत असेल आणि पायाच्या शिरांत गुठळी नसेल, तर दमा किंवा सीओपीडीचा विचार आधी करायचा. त्यांचा 'ब्लू प्रोटोकॉल', म्हणजे हीच पायरीपायरीची पद्धत, २००८ साली प्रसिद्ध झाला आणि आज आयसीयूत तो जवळपास पाठ असतो.

आता गंमत बघा. या रेषा म्हणजे चित्रातला दोष आहे, आणि महागडी मशीन तो दोष पुसण्यासाठीच बनवलेली असतात. कंपाउंड इमेजिंग, हार्मोनिक्स, स्मूदिंग ही सगळी गाळणी लावून ठेवली की बी-लाइन्स फिक्या पडतात. मोठ्या मशीनवर फुप्फुस बघायचं तर आधी ती बंद करावी लागतात किंवा 'लंग' प्रीसेट, म्हणजे फुप्फुसासाठीची तयार सेटिंग, निवडावा लागतो. खिशातल्या प्रोबवर तो प्रीसेट एका टॅपवर असतो आणि चित्र ओबडधोबड असलं तरी काम होतं.

न्यूमोथोरॅक्सचंही, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचण्याचंही, असंच. अपघातातला पेशंट पाठीवर झोपलेला असताना हवा छातीच्या पुढच्या भागात जमते आणि झोपवून काढलेल्या एक्स-रेत सहज निसटते. अनेक अभ्यास एकत्र करणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात छातीच्या सोनोग्राफीने ९१ टक्के न्यूमोथोरॅक्स पकडले, झोपवून काढलेल्या एक्स-रेने ४७ टक्के. हे प्रोबच्या किमतीवर फारसं अवलंबून नाही. बघणाऱ्याला 'लंग स्लायडिंग', म्हणजे फुप्फुसाचं सरकणं, ओळखता येतं का, यावर आहे.

पोट, शिरा आणि हृदय: इथे फरक पडायला लागतो

मुका मार लागलेल्या पेशंटची फास्ट तपासणी, म्हणजे आतलं रक्त शोधणारी झटपट सोनोग्राफी, चार ठिकाणी होते: यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मधली मॉरिसनची फट, डावीकडे प्लीहेभोवती, ओटीपोटात आणि हृदयाभोवती. काळा पट्टा दिसला की रक्त. छोट्या प्रोबला हे जमतं. पण फास्ट निगेटिव्ह आली म्हणून कुणी निर्धास्त झालं तर तो दोष प्रोबचा नाही. दोनशे मिलीच्या आतलं रक्त बहुधा दिसत नाही, आतडं फाटल्याचं कळत नाही, आणि पोटाच्या मागच्या बाजूला साचणारं रक्त तर या तपासणीच्या हिशेबातच नाही.

डेंग्यूच्या दिवसांत खाटेशेजारच्या प्रोबचं मोल मला सगळ्यात जास्त जाणवतं. प्लेटलेट किती, यावर नातेवाइकांची नजर असते. आपली नजर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, रक्तवाहिन्यांबाहेर गळतोय का यावर हवी. पित्ताशयाची भिंत जाड झाली, उजव्या छातीत पाण्याची पहिली रेघ दिसली, तर रक्तदाब उतरायच्या आधीच सावध होता येतं. उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत छातीतलं पाणी साधारण दोनशे मिली झाल्यावर दिसू लागतं, सोनोग्राफीत त्याच्या कितीतरी आधी. आणि हे एकदा बघून भागत नाही. सकाळी, संध्याकाळी, पुन्हा रात्री. गावातला रेडिओलॉजिस्ट कितीही सज्जन असला तरी एका पेशंटसाठी दिवसातून तीनदा येणार नाही, आणि अशा पेशंटला रिक्षात घालून त्याच्याकडे पाठवणं शहाणपणाचं नाही.

सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घालायची नळी, टाकायची वेळ आली की मात्र मी घडीच्या मशीनच्या बाजूला जातो. मानेतली शीर सोनोग्राफीवर बघून लाइन टाकावी, ही शिफारस ब्रिटनच्या नाइस या उपचारांविषयी शिफारशी करणाऱ्या संस्थेनं २००२ मध्येच केली होती. तिथे हवा असतो लिनिअर प्रोब: उंच फ्रिक्वेन्सी, वरवरचं पण बारकाईचं चित्र, सुईचं टोक दिसलं पाहिजे. एकाच चिपवर सगळे प्रोब असणारं उपकरण इथे कामचलाऊ ठरतं. शिवाय त्या उपकरणाचं डोकं जाड, पेशंटची मान लहान असेल तर टेकवायला जागा मिळत नाही. त्यात एक हात प्रोबवर, एक सुईवर, मग मोबाईल कुणी धरायचा? नर्सनं धरला तर तिचं लक्ष मॉनिटरवरून उडतं. निर्जंतुक कव्हरमध्ये प्रोब, समोर स्थिर पडदा, ही मांडणी लॅपटॉपसारख्या मशीनवर सोपी पडते.

हृदयाचं उत्तर पेशंटच्या अंगलटीवर आहे. सडपातळ माणसाच्या छातीवर डाव्या कप्प्याचं पंपिंग ढिलं आहे का, भोवती पाणी आहे का, उजवा कप्पा फुगलाय का, हे खिशातला प्रोब सांगतो. शंभर किलोचा, व्हेंटिलेटरवरचा पेशंट असेल तर फासळ्यांच्या फटीतून घुसणारा फेज्ड ॲरे प्रोब लागतोच. झडपेचा ग्रेडियंट, म्हणजे तिच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक, मोजायचा तर रक्ताचा वेग मोजणारं कंटिन्युअस वेव्ह डॉपलर हवं. बहुतेक छोट्या प्रोबमध्ये ते नसतं, आणि असलं तरी ते काम कार्डिऑलॉजिस्टच्या इकोचं, म्हणजे हृदयाच्या सविस्तर सोनोग्राफीचं, आहे.

काही प्रश्न मात्र या दोन्ही यंत्रांना विचारू नयेत असं माझं मत आहे. अपेंडिक्स, मूत्रवाहिनीतला खडा, वृषणाला पीळ, यकृतातली संशयास्पद गाठ, आणि गर्भारपणातली कुठलीही तपासणी. सरळ रेडिओलॉजिस्टकडे पाठवा. त्याची फी तुमच्या मशीनच्या हप्त्यापेक्षा स्वस्त पडते आणि रिपोर्टवर सही त्याची असते.

खिसा काढून घेतला तर उरतं काय?

हातात मावणारी यंत्रं नवी नाहीत. जीईचा व्हीस्कॅन २०१० च्या सुमारास बाजारात आला. पुढे बटरफ्लाय आयक्यूला २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात ध्वनिलहरी तयार करणाऱ्या जुन्या पिएझो स्फटिकांच्या जागी सिलिकॉन चिपवरचे सुमारे नऊ हजार सूक्ष्म घटक होते आणि तिकडे सुरुवातीची किंमत दोन हजार डॉलरच्या घरात होती. त्यानंतर 'नवा स्टेथोस्कोप' ही जाहिरात सुरू झाली. लॅनेकनं १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी करून छातीला लावली, तिचा हा पणतू, वगैरे. या यंत्राचं खरं आकर्षण एकच आहे. गळ्यात अडकवा आणि जिथे पेशंट असेल तिथे वापरा: घरी, शिबिरात, दुसऱ्या डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये, ॲम्ब्युलन्समध्ये.

महाराष्ट्रात, किंबहुना भारतात कुठेही, नेमकं हेच करता येत नाही.

गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा. त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य होतं. तरीही २००१ मध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. एकेकाळी कोल्हापुरात सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची नोंद ठेवणारी पेटी जोडली होती आणि मुंबई उच्च न्यायालयानं २०११ मध्ये ती उचलून धरली. हा इतिहास माहीत असला की नियम इतके कडक का, हे विचारावंसं वाटत नाही. कधीकधी चिडचिड होते, ते वेगळं.

२०१२ च्या दुरुस्तीनं पोर्टेबल मशीनचा वापर दोनच ठिकाणी ठेवला: ज्या जागेत त्याची नोंदणी झाली आहे तिथल्या दाखल पेशंटसाठी, आणि इतर वैद्यकीय सेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. म्हणजे प्रोब खिशात घालून ओळखीच्या पेशंटच्या घरी जाणं हा कायदेभंग आहे. तुम्ही फक्त फुप्फुस बघत होता, पेशंट सत्तर वर्षांचे आजोबा होते, हा बचाव नाही, कारण नियम यंत्राकडे बघतो, अवयवाकडे नाही. विक्रीच काय, नोंदणी नसलेल्याला यंत्र भाड्यानं किंवा फुकट वापरायला देणंही बंद आहे. त्यामुळे मित्राच्या दवाखान्यात रविवारी प्रोब ठेवून येणं विसरा. नोंदणीत लिहिलेलं मशीन बदलायचं किंवा नवं आणायचं तर तीस दिवस आधी कळवावं लागतं.

म्हणून आपल्याकडे या तुलनेतून खिसा वजा करायचा. यंत्र एका इमारतीच्या आतच राहणार असेल, तर ते दोनशे ग्रॅमचं आहे की चार किलोचं, हा प्रश्न गौण ठरतो. उरतात चित्राचा दर्जा, प्रोबची संख्या, बॅटरी आणि सर्व्हिस. या चारही बाबतींत घडीचं मशीन वरचढ आहे. छोटा प्रोब सलग वापरला की गरम होतो आणि थंड होईपर्यंत काम थांबवतो, तेही ऐन सीपीआर सुरू असताना. काही कंपन्यांच्या प्रोबला वार्षिक सदस्यत्व लागतं, ते कोटेशनमध्ये शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात असतं. मोबाईलची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की ॲप चालेल का, हे विचारून घ्या. उलट घडीच्या मशीनचा प्रोब जमिनीवर पडला तर स्फटिक तडकतात आणि नव्या प्रोबची किंमत ऐकून माणूस खुर्चीत बसतो. सर्व्हिस करारात प्रोब धरलाय का, ते लेखी घ्या.

छोट्या प्रोबच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे. तो हाताशी असतो म्हणून वापरला जातो. कोपऱ्यात आच्छादन घालून ठेवलेलं मशीन आणायला रात्रपाळीचा डॉक्टर आळस करतो. पण हा इलाज चाकांच्या स्टँडचा आहे. मशीन आयसीयूच्या दारात, चार्जिंगला लावून, जेलची बाटली भरून ठेवा, वापर आपोआप होतो.

नोंदणी आणि हात

आता त्या फिजिशियनला मी सांगितलं ते. पहिली चौकशी डीलरकडे नको, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात कर. तुझ्या पदवीवर तुझं नाव सोनोग्राफी करणारा म्हणून नोंदणीत बसतं का, की सहा महिन्यांचं प्रशिक्षण लागेल, याचं उत्तर तिथून लेखी घे. रेडिओलॉजिस्टचं नाव नोंदणीवर घ्यायचं ठरवलंस तर एक आठवण: एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच केंद्रांवर नाव देता येतं. तालुक्याच्या गावातल्या रेडिओलॉजिस्टच्या त्या दोन जागा बहुधा आधीच भरलेल्या असतात.

शिकण्याचा खर्चही हिशेबात धर. अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेनं एकेका तपासणीसाठी पंचवीस ते पन्नास स्कॅन, तेही कुणी अनुभवी माणसानं तपासलेले, असा अंदाज धरलाय. दोन दिवसांच्या कार्यशाळेत प्रोब धरायला येतो, एवढंच. आधी फक्त फुप्फुस शीक, पन्नास पेशंट कर, प्रत्येकाचा एक्स-रे किंवा सीटी शेजारी ठेवून आपण कुठे चुकलो ते बघ. मग हृदय. शिरा त्यानंतर.

यंत्रात माझा कौल: आयसीयू असलेल्या बारा खाटांसाठी घडीचं मशीन, पोटासाठीचा कर्व्ह आणि शिरांसाठीचा लिनिअर हे दोन प्रोब आत्ता, फेज्ड ॲरे वर्षभरानं. आयसीयू नसतं, लाइन टाकायच्या नसत्या, फक्त वॉर्डात धाप आणि डेंग्यू बघायचा असता, तर मी हातातल्या प्रोबवर पैसे वाचवले असते. आणि महिन्याला असे पाच पेशंटही नसतील तर काहीच घेऊ नये, रेडिओलॉजिस्टशी रात्रीचा दर ठरवून टाकावा.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. मोबाईलच्या प्रोबवाला म्हणत होता, "डॉक्टर, आधी घेऊन टाका, नोंदणी नंतर बघू." घडीच्या मशीनवाल्यानं मात्र कोटेशनसोबतच नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागितली होती. मी त्याला पहिल्याचा नंबर डिलीट करायला सांगितलं.