डोक्यात पाण्याची गाठ निघाली: थांबायचं की ऑपरेशन करायचं?

डोकं दुखतं म्हणून मिरजेला एमआरआय काढला, रिपोर्टात ‘सिस्ट’ आलं, की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो लगेच पुण्याला हलवा, दुसरा म्हणतो डोक्याला चाकू लावायचाच नाही. दोघांनीही सिस्ट कुठली हे विचारलेलं नसतं. सगळं त्यावरच ठरतं.

योगायोगाने सापडणारी बरीचशी गाठ ‘अरॅक्नॉइड’ निघते. मेंदूच्या पातळ आवरणात साठलेलं पाणी, बहुधा जन्मापासूनचं. हा कॅन्सर नव्हे. फिल्मवर ती मेंदूभोवतीच्या पाण्याच्याच रंगाची दिसते, टी-वन चित्रात काळी, टी-टू चित्रात पांढरी. मोठ्या माणसात ती सहसा वाढत नाही; अगदी लहान मुलांत वाढू शकते, म्हणून तिथे लक्ष जास्त ठेवावं लागतं.

त्रास नसेल तर माझं मत थांबण्याच्या बाजूने. थांबायचं म्हणजे विसरायचं नाही: डॉक्टर सांगतील त्या मुदतीने पुन्हा एमआरआय, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासणं, कारण डोक्यातला दाब वाढला तर डोळ्याच्या नसेवर सूज दिसते. नुसतं डोकं दुखतंय म्हणून ऑपरेशनची घाई नको. दुखणं अर्धशिशीचं असेल तर गाठ रिकामी करूनही ते राहतंच. पोरगं तालमीत जात असेल तर मात्र सर्जनला स्पष्ट विचारा. डोक्याला मार लागून अशा गाठीशेजारी रक्तस्राव होऊ शकतो. प्रमाण कमी आहे, पण कुस्तीत डोकं आपटतंच.

दाब वाढला, नजर कमी झाली, गाठीमुळेच आकडी येतेय असं ठरलं, तर ऑपरेशन. कवटीला छोटं भोक पाडून दुर्बिणीने गाठीची भिंत शेजारच्या पाण्याच्या जागेत उघडतात, म्हणजे खिडकी पाडतात. अंगात काही राहत नाही, पण वाट पुन्हा बुजू शकते आणि प्रत्येक जागी दुर्बीण पोचत नाही. तिथे कवटी उघडून मायक्रोस्कोपखाली तेच काम करतात. जखम मोठी, पण सर्जनला समोर सगळं दिसतं. तिसरा मार्ग शंटचा: कातडीखालून पोटापर्यंत नळी. ऑपरेशन त्यातल्या त्यात सोपं, पण नळी तुंबते, तिला जंतुसंसर्ग होतो, आणि मूल वाढताना पुन्हा पुन्हा काम निघू शकतं. शंट असलेल्याला ताप, उलट्या, गुंगी आली तर थेट दवाखाना गाठायचा. जमत असेल तर आधी खिडकी, नळी शेवटी, असंच मी म्हणेन. आणि नंतरच्या फिल्मवर गाठ पूर्ण गेलेली दिसली नाही तर धसका घेऊ नका. त्रास गेला का, ते बघा.

कोलॉइड सिस्टचं गणित उलटं. ती मेंदूच्या मधोमध, पाणी वाहतं त्या तोंडाशीच बसते. वाट अचानक बंद झाली तर माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो. पाणी तुंबलेलं असेल तर इथे ‘बघू पुढच्या वर्षी’ चालत नाही.

तरुण माणसाला पहिल्यांदाच आकडी आली आणि फिल्मवर कड्यात ठिपका दिसला, तर टेपवर्म या जंताच्या अळीची गाठ असू शकते. शाकाहारी माणसालाही होते, कारण या जंताची अंडी न धुतलेल्या भाजीतून, हातांतून पोटात जातात. इथे बहुधा चाकू लागत नाही. आकडीच्या गोळ्या, स्टेरॉइड आणि अल्बेंडाझोल ही जंताची गोळी. डोळे तपासल्याशिवाय अल्बेंडाझोल सुरू करू नये, कारण डोळ्यात अळी असेल तर ती मरताना सुजेने नजर जाऊ शकते. गाठी वाळून कॅल्शियम झालेलं असेल तर त्या गोळीचा उपयोगच नाही.

माण, जत, आटपाडीकडे मेंढरं आणि कुत्री पाळणाऱ्या घरातला पेशंट असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मेंदूत क्वचित, पण हायडॅटिड (कुत्र्या-मेंढरांतल्या जंताची) गाठ असेल तर ती सुई घालून रिकामी करायची नसते; न फोडता अख्खी काढावी लागते.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, फिल्म आणि सीडी न्या. ऑपरेशन ठरलं तर भरती होण्याआधीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले योजनेत बसतं का विचारा. मंजुरी आधी घ्यावी लागते.