एनसीव्ही-ईएमजी तपासणी: काय सापडतं, काय निसटतं

तळव्यांची आग, पायाला मुंग्या, मधूनच हात बधिर होणं, सुया टोचल्यासारखं वाटणं, आणि रक्ताचे रिपोर्ट मात्र ठीक. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्ट जी तपासणी जवळजवळ हमखास लिहून देतात ती म्हणजे नर्व्ह कंडक्शन, म्हणजेच एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी), आणि तिच्या जोडीला ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी). ती करून घ्यावी का? हो, नक्की करावी. पण ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते हे आधी समजून घेतलं नाही, तर हातात ‘नॉर्मल’ असा कागद येतो, त्रास होता तसाच राहतो आणि माणूस स्वतःवरच शंका घेऊ लागतो. या तपासणीची खरी मर्यादा इथेच आहे. बाकी ती कामाची आहे, सुरक्षित आहे आणि नीट केली तर भरवशाचीही आहे.

एनसीव्ही फक्त जाड, मायलिनचं आवरण असलेले तंतू तपासते, आणि तेही ज्या नसा निवडल्या त्यांच्या तपासलेल्या भागापुरते. हे तंतू सेकंदाला साधारण ४० ते ६० मीटर वेगाने संदेश नेतात. जळजळ, चटका, उष्ण-थंड आणि बऱ्याचशा वेदना वाहून नेणारे बारीक तंतू यंत्राला दिसतच नाहीत. त्यातले आवरण नसलेले सी तंतू सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर चालतात. त्यांचे संदेश इतके क्षीण आणि इतके मागेपुढे येतात की त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत त्यांची लाट पोचत नाही. म्हणून ज्यांची मुख्य तक्रार आग होण्याची आहे, त्यांनी नॉर्मल एनसीव्हीचा अर्थ ‘जाड तंतू ठीक आहेत’ एवढाच घ्यावा.

तपासणीची पद्धत साधी आहे. ज्या स्नायूवरून किंवा बोटावरून नोंद घ्यायची तिथे इलेक्ट्रोड लावतात आणि नसेवर अगदी छोटा विद्युत झटका देतात. त्याची लांबी बहुधा ०.१ ते ०.२ मिलिसेकंद असते. मनगटातून जाणाऱ्या मीडियन नसेचं उदाहरण घेऊ. नोंद अंगठ्याच्या बुडाच्या स्नायूवरून घेतात. एक झटका मनगटावर देतात, दुसरा कोपरात. दोन ठिकाणं लागतात, कारण नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर संदेशाचा थोडा वेळ जातो. दोन्ही वेळांची वजाबाकी केली की तो वेळ आपोआप निघून जातो. कोपर ते मनगट अंतर २२० मिलिमीटर आणि वेळेतला फरक ४ मिलिसेकंद असेल, तर वेग सेकंदाला ५५ मीटर. हातात ५० आणि पायात ४० मीटरच्या वर वेग असला की तो सहसा नॉर्मल धरतात. नेमके आकडे मात्र त्या त्या प्रयोगशाळेचे आणि वयानुसार ठरलेले असतात.

चुका कुठे होतात ते यावरून लक्षात येईल. टेप त्वचेवर धरली जाते, नस मात्र आत असते. लांब टप्प्यात एका सेंटिमीटरची चूक खपून जाते, पण १० सेंटिमीटरच्या टप्प्यात तीच चूक वेगात दहा टक्के फरक पाडते. दुसरी चूक झटका कमी पडण्याची. झटका वाढवत न्यायचा असतो. प्रतिसादाची लाट आणखी मोठी होईनाशी झाली की त्यावर साधारण २० टक्के अधिक द्यायचा. रुग्णाला त्रास होतो म्हणून तंत्रज्ञ आधीच थांबला तर लाट खोटीच लहान दिसते आणि नस अडकल्याचा भास होतो. त्यामुळे शेवटचे दोन-तीन झटके जोराचे लागणं हे तपासणी नीट होत असल्याचं लक्षण आहे. तेवढे सोसावेत.

तिसरी चूक हातपाय गार असण्याची, आणि ती सर्वात जास्त दुर्लक्षिली जाते. त्वचेचं तापमान एक अंश सेल्सिअसने उतरलं की वेग सेकंदाला साधारण दीड ते अडीच मीटर कमी होतो. वातानुकूलित खोलीत अर्धा तास बसलेल्या माणसाचे पाय सहज चार-पाच अंशांनी गार असू शकतात. अशा पायांची तपासणी केली तर निरोगी नसही मंद दिसते. शिवाय गारव्याने संवेदी लाटेची (स्पर्शाची जाणीव नेणाऱ्या तंतूंच्या प्रतिसादाची) उंची वाढते, म्हणजे खरंच कमी झालेली लाट झाकली जाण्याचाही धोका असतो. हाताच्या त्वचेचं तापमान निदान ३२ आणि पायाचं ३० अंशांच्या आसपास हवं. कमी असेल तर कोमट पाण्याने किंवा गरम पॅकने शेक देऊन मगच सुरुवात करायला हवी. तापमान मोजलं का आणि रिपोर्टमध्ये लिहिलं का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. मोजे आणि उबदार कपडे घालून जावं. त्या दिवशी अंगाला तेल किंवा क्रीम लावू नये, इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत.

ईएमजीचा भाग वेगळा. त्यात झटका नसतो. बारीक सुई स्नायूत घालून आधी तो शिथिल असताना, मग किंचित आवळलेला असताना आणि शेवटी पूर्ण जोर लावलेला असताना त्याचा विद्युत आवाज ऐकतात. निरोगी स्नायू विसाव्यात शांत असतो. नसेशी संबंध तुटलेले स्नायूतंतू मात्र आपसूक विद्युत ठिणग्या सोडू लागतात. त्यांना फिब्रिलेशन म्हणतात. सुई दुखते, दुसऱ्या दिवशीपर्यंत स्नायू ठणकू शकतो, एखादा काळानिळा डाग पडतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, पेसमेकर असेल किंवा काखेतल्या गाठी काढलेल्या असतील, तर आधी सांगावं. औषध मनानेच बंद करू नये. मायस्थेनियाच्या (स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराच्या) शंकेवरून वारंवार झटके देऊन करायची तपासणी असेल, तर त्यावरचं पायरिडोस्टिग्मिन हे औषध कधी थांबवायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं.

ज्यांना अंगभर स्नायू फडफडण्याने घाबरवून सोडलं आहे, त्यांच्यासाठी ईएमजीचं मोल मोठं आहे. ताकद शाबूत आहे, डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी नॉर्मल आहे आणि ईएमजीही नॉर्मल आहे, अशा स्थितीत नुसती फडफड सहसा निरुपद्रवी असते. हा दिलासा पोकळ नाही, त्याला मोजमापाचा आधार आहे.

तपासणी कधी केली यालाही महत्त्व आहे. नसेला इजा झाली तरी तुटलेल्या भागापुढचा तंतू लगेच मरत नाही. संवेदी लाट पूर्ण खाली यायला दहा-अकरा दिवस लागतात आणि स्नायूत फिब्रिलेशन दिसायला दोन ते तीन आठवडे. अचानक सुरू झालेल्या त्रासात चौथ्या दिवशी केलेली तपासणी नॉर्मल आली तर ती फार घाईने केली गेली असं समजावं. अर्थात डॉक्टरांना गियाँ-बारेसारख्या, झपाट्याने अशक्तपणा आणणाऱ्या नसांच्या आजाराची शंका असेल तर ते मुद्दाम लवकर करतात आणि मग पुन्हा करतात. ते योग्यच आहे.

आता रिपोर्ट. शेवटची ओळ वाचून फाइल बंद करू नये. पाय बधिर असल्याची तक्रार असेल, तर सर्वात आधी सुरल नस शोधावी. पोटरीवर झटका देऊन बाहेरच्या घोट्यामागे तिची नोंद घेतात. पायाच्या टोकापासून वर चढणाऱ्या न्यूरोपॅथीत (नसांच्या आजारात) ही संवेदी नस लवकर बिघडते. ती तपासलीच नसेल तर रिपोर्ट अपुरा आहे. तिची लाट मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात, स्नायूंची मिलिव्होल्टमध्ये, म्हणजे हजारपट फरक. त्यामुळे घोट्याला सूज असेल तर लाट हरवू शकते, आणि वय जास्त असेल तर निरोगी माणसातही कधी कधी ती मिळत नाही. मग वेग आणि उंची वेगवेगळी पाहावी. उंची कमी पण वेग बऱ्यापैकी टिकलेला, तर तंतूच कमी झालेत. वेग फार मंद, तर आवरणाला इजा. या दुसऱ्या प्रकारातले काही आजार प्रतिकारशक्तीच्या गडबडीतून होतात आणि त्यांवर नेमके उपचार आहेत, म्हणून तो ओळखणं हे या तपासणीचं सर्वात मोठं काम. दोन्ही बाजू तपासल्या का, तेही पाहावं. डाव्या पायाची लाट उजव्याच्या निम्म्याहून कमी असेल, तर दोन्ही आकडे नॉर्मल मर्यादेत असले तरी डॉक्टरांना ते दाखवून विचारावं.

मनगटात मीडियन नस किंचित मंद असल्याचा शेरा पुष्कळ रिपोर्टांत असतो. तो खरा असतो, पण तळपायाची आग त्याने होत नाही. सापडलं तेच कारण, असं मानून शोध थांबवणं ही डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही हातून होणारी चूक आहे.

बारीक तंतूंखेरीज आणखीही काही निसटतं. मणक्यातून बाहेर पडताना नसेचं मूळ दबलं असेल तर त्या पायाचा बधिरपणा खराखुरा असतो, पण संवेदी लाट नॉर्मल येते, कारण संवेदी पेशी मुळातल्या गाठीत असते आणि दाब बहुधा तिच्या आतल्या बाजूला, मज्जारज्जूकडे असतो. पेशीपासून बोटापर्यंतचा तंतू जिवंतच राहतो. मज्जारज्जू आणि मेंदूतला बिघाड तर या तपासणीच्या कक्षेबाहेरच आहे, त्यासाठी एमआरआय. फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर (मज्जासंस्थेची रचना शाबूत, पण कामकाज बिघडलेलं) हे निदानही ‘सगळं नॉर्मल आलं म्हणून’ करायचं नसतं. हूव्हरच्या चिन्हासारख्या (दुसरा पाय उचलताना दुबळ्या पायाचा जोर परत येणं) खुणा डॉक्टरांना तपासताना प्रत्यक्ष मिळाव्या लागतात. त्या मिळाल्या का, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

एनसीव्ही नॉर्मल, तरी आग कायम, अंथरुणाची चादरही पायाला सहन होत नाही, घाम येण्यात बदल झालाय, उभं राहिलं की घेरी येते, असं असेल तर स्किन बायोप्सीबद्दल विचारावं. तेवढ्या जागेपुरती भूल देऊन बाहेरच्या घोट्याच्या १० सेंटिमीटर वरून ३ मिलिमीटरचा गोल तुकडा घेतात, पुष्कळदा दुसरा मांडीवरून. टाके सहसा लागत नाहीत. तुकड्याला पीजीपी ९.५ हे रंजन करून त्वचेच्या वरच्या थरात मिलिमीटरमागे किती तंतू शिरतात ते मोजतात आणि वय व लिंगानुसारच्या आकड्यांशी ताडून पाहतात. यात एक मोठी मेख आहे: नमुना नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर या मोजणीसाठी तो वाया जाण्याची शक्यता असते. तपासणाऱ्या प्रयोगशाळेनेच ठरवलेलं द्रावण आधी मागवून ठेवावं लागतं. आणि तंतू कमी आहेत हे बायोप्सी सांगते, ते का कमी झाले हे सांगत नाही.

कारणाचा शोध रक्तातच घ्यावा लागतो. हातापायांच्या टोकांपासून दोन्ही बाजूंना सारख्या पसरणाऱ्या न्यूरोपॅथीत सर्वाधिक उपयोगी ठरणाऱ्या तीन चाचण्या अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २००९ मध्ये सांगितल्या: साखर, बी-१२ व त्याचे चयापचयी घटक, आणि रक्तातल्या प्रथिनांचं इम्युनोफिक्सेशनसह इलेक्ट्रोफोरेसिस (प्रथिनं विजेच्या साहाय्याने वेगळी करून पाहणं). उपाशीपोटीची साखर ठीक असूनही ग्लुकोज पिऊन दोन तासांनी घेतलेली साखर बिघडलेली असू शकते. बी-१२ नॉर्मलच्या खालच्या काठावर असेल तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) पाहावं. ही चाचणी बी-१२ च्या गोळ्या-इंजेक्शनं सुरू करण्याआधी व्हावी, नाहीतर ॲसिडचा वाढलेला आकडा खाली येतो आणि मूळ कमतरता होती की नाही ते झाकलं जातं. प्रथिनांच्या तपासणीत इम्युनोफिक्सेशन (तिचाच अधिक बारीक प्रकार) आवर्जून मागावं, नुसत्या इलेक्ट्रोफोरेसिसमधून लहान बिघाड निसटतो. नसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची लेबलं नीट वाचावीत. बी-६ दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतलं तर तेच संवेदी नसा बिघडवतं, आणि दोन-तीन गोळ्यांतली मात्रा नकळत एकावर एक चढते. बायोटिनमुळे थायरॉइडचे काही रिपोर्ट चुकतात. जस्ताच्या अतिरेकाने तांबं कमी होऊन मज्जारज्जूला इजा पोचते.

एवढं करूनही न्यूरोपॅथीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यातल्या रुग्णांत कारण सापडत नाही. अशा प्रकारची न्यूरोपॅथी बहुधा हळू वाढते. वेदनेवरचा उपचार कारण सापडेपर्यंत थांबवून ठेवायची गरज नसते, कारण ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबलिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं वेदनेच्या मार्गावर काम करतात. सुरुवात कमी मात्रेने करून काही आठवडे वाट पाहावी लागते. दोन दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडलेलं औषध खरं म्हणजे घेऊन पाहिलेलंच नसतं.

काही लक्षणांत मात्र एनसीव्हीच्या तारखेची वाट पाहू नये: दिवसागणिक पायातून वर चढणारा अशक्तपणा, श्वास किंवा गिळणं जड जाणं, जांघेचा व बसण्याचा भाग बधिर होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, एकाएकी अर्ध्या अंगाची ताकद जाणं. हे थेट तातडीच्या विभागाचं काम.

त्रास तसाच राहिला किंवा वाढला तर तपासणी पुन्हा करण्यात अर्थ आहे. काही महिन्यांचं अंतर ठेवावं आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी. पहिल्या वेळीच निष्कर्षाच्या पानाबरोबर सगळ्या आकड्यांचे तक्ते आणि लाटांच्या आकृत्या मागून घ्याव्यात. त्याच नसा, त्याच बाजू, तेवढंच तापमान असेल तरच सुरलची लाट १४ वरून ८ मायक्रोव्होल्टवर आली, हे कुणाच्या लक्षात येईल. दोन्ही रिपोर्टांवर शेरा ‘नॉर्मल’ असाच असेल.